हँडल वर घ्यायचंय, पण नक्की किती?

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर बरीचशी पत्रं एटीव्हीच्या, म्हणजे चार चाकांच्या क्वाडच्या, हँडलवरच निघाली. कुणाला वर घ्यायचंय, कुणाचं घेऊन झालंय आणि आता डोक्याला हात लावून बसलेत, एका बाईंना तर नवऱ्याने वर घेतलेलं परत खाली आणायचंय. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले, आज फक्त हँडल.

प्रश्न: दादा, माझी उंची ६ फूट २ इंच. माझी क्वाड कामाची आहे, पुढेमागे कॅरिअरवाली. तासाभरात कंबर धरते, बोटं बधिर होतात, आणि उभं राहून चालवायला गेलो की कुणाच्या तरी पाया पडत चाललोय असं वाटतं. मित्र म्हणतो सरळ ३ इंचाचे रायझर (हँडलखाली बसणारे, ते उंच करणारे ठोकळे) टाक, चार बोल्ट काढायचे चार लावायचे, अर्ध्या तासाचं काम. टाकू का? आणि केबली पुरतील का?

उत्तर: मित्र अर्धं बरोबर सांगतोय. बोल्टांचं काम अर्ध्या तासाचंच आहे, उरलेला दिवस केबलींमागे जातो ते त्याने सांगितलं नाही.

पण रायझर विकत घ्यायच्या आधी दुखतंय कुठे आणि कधी ते बघा. तुम्ही दोन तक्रारी एकत्र लिहिल्यात आणि त्यांची कारणं वेगळी असू शकतात. उभं राहिल्यावर वाकावं लागतं आणि कंबर धरते, हे हँडल खाली असल्याचं सरळ लक्षण. बोटं बधिर होणं मात्र बऱ्याचदा उंचीमुळे नसतं, मनगट वाकलेलं असतं त्यामुळे असतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या करंगळीकडच्या उशीवर दाब येतोय, म्हणजे तुम्ही हँडलवर रेलून बसताय. अंगठा आणि त्याच्या जवळची बोटं मुंग्या धरत असतील तर मनगट वर नाहीतर खाली वाकलेलं राहतंय, आणि ते ब्रेकच्या लिव्हरचा कोन बदलून दहा मिनिटांत सुटू शकतं. लिव्हर अशी फिरवा की बोटं तिच्यावर ठेवली की कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत सरळ रेष राहिली पाहिजे. खाली उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल तर मात्र ते माझ्या खात्यातलं नाही, डॉक्टरकडे जा.

आता फुकटचा उपाय. क्लॅम्पचे (हँडल धरून ठेवणाऱ्या पकडीचे) चारही बोल्ट थोडे ढिले करा, पूर्ण काढू नका, आणि आहे तेच हँडल पुढे-मागे फिरवून बघा. सुरुवात म्हणून हँडलचा वर जाणारा भाग स्टीअरिंगच्या दांड्याच्या रेषेत आणा आणि तिथून थोडं थोडं बदला. फार मागे ओढलंत तर मुठी खाली लोंबतात आणि फुल लॉकला, म्हणजे हँडल पार टोकापर्यंत वळवल्यावर, ग्रिप गुडघ्यात घुसते, फार पुढे ढकललंत तर कोपरं उचलली जाऊन खांदे भरून येतात. हँडल फिरलं की लिव्हर आणि थ्रॉटलचा (अंगठ्याने रेस द्यायचा) डबा पण फिरतो, ते परत जागेवर आणायचे. ब्रेक ऑइलची टाकी जवळपास सपाट राहिली पाहिजे, ती तिरकी झाली आणि त्यात ऑइल कमी असेल तर लाईनमध्ये हवा खेचली जाते. नुसत्या फिरवण्याने अनेकांचं काम भागतं. तुमच्या उंचीला बहुतेक भागणार नाही, पण करून बघा, कारण पुढचं माप त्यावरच घ्यायचंय.

माप असं घ्या. क्वाड सपाट जागेवर, पार्किंग ब्रेक लावून. तुम्ही जे बूट आणि हेल्मेट घालून चालवता तेच घाला (अनवाणी मापात बुटाच्या सोलचा फरक येतो, आणि इथे तेवढ्यानेही गणित बिघडतं). पेगवर (पाय ठेवायच्या खुंटांवर) उभे राहा, गुडघे थोडे वाकलेले, ढुंगण जरा मागे, पाठ सरळ, कोपरं किंचित बाहेर. आता डोळे मिटा आणि हात जिथे आपसूक जातील तिथे मुठी आवळून थांबा. कुणाला तरी टेप घेऊन मूठ आणि ग्रिप यातलं अंतर मोजायला सांगा, वर किती आणि पुढे किंवा मागे किती असं दोन्ही. डोळे उघडे असले की माणूस नकळत ग्रिपकडेच जातो, म्हणून मिटायचे. असं दोन-चारदा करा आणि सगळ्यात कमी आकडा आला असेल तो धरा.

मग खाली बसून तपासा, कारण कामाच्या क्वाडवर माणूस जास्त वेळ बसलेलाच असतो. बसून ग्रिप धरल्यावर कोपराचा कोन साधारण ९० ते १३५ अंशांत हवा. ९० च्या आत आला तर हात छातीशी चेपतात आणि हँडल वळवायला जागाच राहत नाही, १३५ च्या पुढे गेला तर हात ताणलेले, एका बाजूला फुल लॉक मारताना अख्खं अंग ओढावं लागतं. उभं राहून जे माप छान वाटतं ते बसल्यावर खांद्याशी येऊन टेकतं असं होतंच, मग मधला मार्ग काढायचा. माझं मत विचाराल तर ३ इंच फार झाले. एकदम तेवढं वर घेऊ नका, दीड-दोन इंचांवर थांबा.

दुसरी एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही. रायझर हँडलला सरळ आभाळाकडे नेत नाही, स्टीअरिंगच्या दांड्याच्या रेषेत नेतो, आणि तो दांडा तुमच्याकडे कललेला असतो. समजा तो २५ अंश कललेला आहे आणि तुम्ही ५० मिलिमीटरचा रायझर लावला, तर हँडल वर जातं साधारण ४५ मिलिमीटर आणि तुमच्याकडे मागे येतं २१ मिलिमीटर. बुटक्या माणसाला हे मागे येणं बरंच वाटतं. तुम्हाला नको आहे, तुमचे गुडघे आधीच हँडलजवळ असणार. तुम्ही हँडल पुढे सरकवणारे रायझर शोधा किंवा रायझरच्या ऐवजी जास्त उंचीचं हँडलच घ्या, ज्याचं मागे येणं कमी आहे. ‘पुलबॅक’ लिहिलेले रायझर तुमच्यासाठी नाहीत, ते बरोबर उलटं काम करतात.

रायझर घेताना वरचा क्लॅम्प दोन्ही बाजूंना जोडणारा, एकसंध असेल तर उत्तम. दोन सुटे खुंट असले की पडल्यावर एक इकडे एक तिकडे फिरतो आणि हँडल वाकडं नसतानाही वाकडं दिसतं. रायझर जेवढा उंच तेवढा खालच्या बोल्टांवर येणारा ताण जास्त, म्हणून रायझरवर रायझर चढवणं हा प्रकार डोक्यातून काढून टाका. आणि कामाच्या क्वाडवर मीटर आणि चावीचा डबा बऱ्याचदा हँडलच्या क्लॅम्पवरच बसवलेला असतो, तो रायझरवर तसाच बसतो की नाही हे ऑर्डर द्यायच्या आधीच बघून घ्या, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर मीटर हातात घेऊन उभे राहाल.

आता केबली. यादी करूनच कामाला लागा: थ्रॉटलची केबल, पुढच्या ब्रेकचा होज, मागच्या किंवा पार्किंग ब्रेकची केबल, चोक असेल तर त्याची, क्लच असेल तर त्याची, आणि स्टार्टर, लाईट, किल स्विच यांच्या वायरींचा जुडगा. बऱ्याच गाड्यांत इंचभर वर जाण्याइतकी ढील असते, फक्त ती क्लिपा आणि पट्ट्यांमध्ये अडकवून ठेवलेली असते. पुढचं प्लास्टिक काढा, पट्ट्या कापा, केबल कुठून कुठे जाते ते बघा, जरा सरळ वाटेने नेली की बरीच मोकळी होते. नवी वाट सायलेन्सरच्या पाईपला लागून नको, आणि स्टीअरिंगच्या स्टॉपरमध्ये चिमटली जाईल अशीही नको.

सगळ्यात घातक थ्रॉटलची केबल. ती तोकडी पडली तर हँडल वळवताना बाहेरचं कवच ताणलं जातं आणि आतली तार ओढली जाते, म्हणजे तुम्ही अंगठा न लावता गाडी रेस घेते. तेही कधी, तर हळू वेगात हँडल पूर्ण वळवलेलं असताना, एखाद्या झाडाभोवती किंवा उताराच्या कडेला वळताना. म्हणून दोनदा तपासायचं. इंजिन बंद असताना हँडल डावीकडे फुल लॉक, अंगठ्याने थ्रॉटल दाबून सोडा, लिव्हर खटकन मागे आली पाहिजे, मग उजवीकडे तसंच, मग सरळ. नंतर इंजिन गरम करून, न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावून, आयडलवर सोडा आणि हँडल हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या, थ्रॉटलला हात न लावता. आवाजात जरासुद्धा चढउतार झाला तर गाडी बाहेर काढायची नाही. ‘थोडीशीच वाढते’ वगैरे चालत नाही.

ब्रेकचा होज फुल लॉकला ताठ होत असेल तर लांब होज घालायचा, स्टीलच्या जाळीचा मिळतो. बँजो बोल्टचे (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर दरवेळी नवीन. होज उघडला की हवा शिरणारच, ती ब्लीड करून काढायची, लिव्हर दगडासारखी कडक लागेपर्यंत. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला. डॉट ४ च्या जागी डॉट ५ घालू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि दोघांचं जमत नाही, नुसता आकडा मोठा म्हणून चांगलं असं नाही. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. आणि वायरी तोकड्या पडल्या तर सोल्डर करून श्रिंक ट्यूब चढवून वाढवा. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलीत तर पहिल्याच चिखलात स्टार्टर मुका होईल.

प्रश्न: रायझर बसवून झाले, उंची एकदम मस्त, पण उभं राहून जोरात खड्ड्यात उतरलं की हँडल पुढे फिरतं. दोनदा आवळले, तिसऱ्यांदा आवळताना एका बोल्टचे आटेच गेले. काय करू?

उत्तर: आधी गाडी उभी करा, तीन बोल्टांवर चालवायचं नाही.

तुम्ही हँडलची जाडी लिहिली नाहीत आणि मला संशय तिथेच आहे. ग्रिपजवळ बहुतेक हँडलं ७/८ इंच म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असतात, पण मधे, क्लॅम्पमध्ये बसतात तिथे दोन प्रकार चालतात, ७/८ इंच आणि जाड म्हणजे १ १/८ इंच, साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास. जाड हँडलचा क्लॅम्प बारीक हँडलवर बसवला तर तो कितीही आवळा, पकडणार नाही, तुटेल पण पकडणार नाही. व्हर्नियरने मधला भाग मोजा. दोन मापं जुळवायला तयार बाही मिळते ती वापरली तर चालतं, पत्र्याचे तुकडे कापून आत सारणं नको.

मापं जुळत असतील तर क्लॅम्प उघडून आतला भाग आणि हँडल दोन्ही ब्रेक क्लीनरने पुसा. ग्रिप घालताना कुणीतरी तेल किंवा साबण लावलेला असतो आणि तो ओघळत मधे येतो. हँडलवर खरखरीत पट्टे असतात ते बरोबर क्लॅम्पखाली आले पाहिजेत. मग आवळायची पद्धत: काही गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण बसवून फट फक्त मागे ठेवायची असते, काहींत दोन्हीकडे सारखी फट, क्लॅम्पवर बाण किंवा ठिपका असतो तो बघा आणि तुमच्या रायझरच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडाही तिथेच मिळेल. हे बोल्ट सहसा ८ मिलिमीटरचे असतात आणि अॅल्युमिनियममध्ये जातात, त्यांना लांब पाना लावून अंगाचा जोर दिला की तुमचं झालं तेच होतं. टॉर्क रेंच नसेल तर कुणाचा तरी आणा.

गेलेल्या आट्यात जाड बोल्ट ठोकून बसवू नका. हेलिकॉइल (भोकात बसणारी, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, चांगला टर्नर ते व्यवस्थित करतो, आणि खरं सांगायचं तर त्याने मूळ आट्यापेक्षा मजबूत पकड येते. आटे स्वस्तातल्या रायझरमध्ये गेले असतील तर रायझरच बदला. आणि हँडल फिरल्यावर त्यावर खोल ओरखडा पडलाय का तेही बघा. अॅल्युमिनियमचं हँडल ओरखड्यापासूनच तडकतं आणि सांगून तडकत नाही. वाकलं असेल तर सरळ करायच्या भानगडीत न पडता फेकून द्या.

प्रश्न: हँडल वर घेतल्यापासून पाठ बरी आहे पण अंगठा फार दुखतो. थंब थ्रॉटल काढून बाईकसारखा पिळायचा थ्रॉटल लावू का? बरेच जण लावतात.

उत्तर: लावतात खरे, आणि शर्यतीतल्या ट्रॅकवर ज्यांचा हात बसलाय त्यांचं ते जाणोत. तुम्हाला मी नाही म्हणेन. क्वाड खड्ड्यातून उडाली किंवा चढाला पुढची चाकं उचलली की माणूस मागे फेकला जातो, आणि मागे जाताना मूठ घट्ट धरलेली असल्यामुळे मनगट आपोआप पिळलं जातं. म्हणजे नेमकं नको तेव्हा गाडी आणखी रेस घेते. अंगठ्याच्या थ्रॉटलला हा धोका बराच कमी, अख्ख्या हाताने लटकलात तरी अंगठा मोकळा राहतो.

तुमचा त्रास हँडल वर घेतल्यापासून सुरू झाला म्हणताय, तर उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. हँडल वर गेलं, कोन बदलला, थ्रॉटलचा डबा तसाच राहिला, आता अंगठा दाबायच्या ऐवजी वरून खाली खुपसावा लागतोय. डब्याचा स्क्रू ढिला करून तो थोडा फिरवा, लिव्हर अंगठ्याच्या नैसर्गिक रेषेत आली पाहिजे. केबल नव्या वाटेने नेताना कुठे तीव्र वळण पडलंय का तेही बघा, वळणात तार घासते आणि दाब वाढतो. केबल सोडवून तेल घाला. एवढं करूनही दुखलं तर लांब पात्याची लिव्हर मिळते, तिने जोर कमी लागतो.

प्रश्न: यांची उंची ६ फूट, माझी ५ फूट १ इंच. क्वाड एकच. यांनी गेल्या महिन्यात हँडल वर घेतलं आणि आता मला वळताना हात पुरत नाहीत, वर हे म्हणतात सवय होईल. होईल का?

उत्तर: नाही होणार ताई, हातांची लांबी सवयीने वाढत नाही. हे पान त्यांच्यासमोर ठेवा.

सीटवर बसा, दोन्ही ग्रिप धरा, आणि पाठ न हलवता, म्हणजे पुढे न झुकता, हँडल एका टोकाला फिरवा. बाहेरच्या बाजूच्या हाताचा कोपर पूर्ण सरळ होऊन खांदा ओढला गेला तर ती उंची तुमच्यासाठी चुकीची आहे. मग ग्रिप नेहमीसारखी धरून बोटं सरळ पुढे करा, मधल्या बोटाचं टोकाकडचं पेर ब्रेकच्या लिव्हरच्या पुढे जायला हवं. जात नसेल तर घाईत ब्रेक लागणारच नाही. हे तर आधी बघा, कारण लिव्हर जवळ आणायचा स्क्रू बऱ्याच गाड्यांना असतो आणि तो त्यांनी कधी हातही लावलेला नसणार.

दोघांत एक गाडी असेल तर ज्याचे हात आखूड, त्याला नीट पोचेल अशीच उंची ठेवायची. उंच माणूस थोडा वाकून चालवू शकतो, आखूड हातांच्या माणसाला वळण अर्धवट सोडता येत नाही. यांना फारच त्रास होत असेल तर रायझर १ इंचावर आणा आणि हँडल फिरवून दोघांच्या दोन जागा ठरवा, क्लॅम्पशेजारी हँडलवर पेंटच्या पेनने दोन खुणा करून ठेवायच्या. बदलताना लिव्हर, थ्रॉटल आणि फुल लॉकची तपासणी दरवेळी, आळस नको.

प्रश्न: मुलगा १० वर्षांचा आहे, माझ्या क्वाडचं हँडल खाली आणि मागे घेतलं तर तो चालवू शकेल का?

उत्तर: नाही. प्रश्न हँडलचा नाहीच, गाडीच्या वजनाचा आहे. क्वाड वळवताना अंग आत टाकावं लागतं आणि १० वर्षांच्या मुलाच्या अंगाने मोठ्या क्वाडला काही फरक पडत नाही, उलटली तर ती त्याच्या अंगावर. गाडीवर वयाचं स्टिकर असतं, ते काढून टाकलं नसेल तर वाचा.

प्रश्न: हँडलला हात न लावता सीट उंच केली किंवा पेग खाली घेतले तर? गुडघे फार दुमडतात माझे.

उत्तर: गुडघ्यांचा त्रास असेल तर विचार बरोबर दिशेने चाललाय, पण दोन्हीला किंमत आहे. सीटमध्ये फोम वाढवला की गुडघे मोकळे होतात आणि त्याच वेळी हँडल तुमच्या मानाने तेवढंच खाली जातं, म्हणजे दीड इंच फोम घातला तर बसून चालवताना दीड इंच हँडल तुम्ही गमावलंत. शिवाय तुमचं वजन वर गेलं, आणि तिरक्या उतारावर आडवं जाताना क्वाड उलटायचा धोका त्याने वाढतो. पेग खाली घेतले तर सीट आणि हँडल दोन्ही जागेवर राहतात, वजनही खाली येतं, पण उभं राहिल्यावर तुम्हीही तेवढेच खाली जाता, म्हणजे वाकायचं कमी होतं, हा फायदाच. तोटा एवढाच की पेग दगडाला, खुंटाला आधी लागतात, आणि गिअरची लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडल पायाच्या नव्या जागेनुसार खाली आणावं लागतं. पायाखाली अख्खं फूटवेल असलेल्या कामाच्या क्वाडवर तर हे जमतही नाही. सपाट, मोकळ्या जागेत चालवत असाल तर पेग, दगडधोंड्यांत जात असाल तर राहू द्या आणि १ इंचाचा रायझर लावून बघा.